काबासोच्या डाव्या पायाची मयत

१'

काबासोचा डावा पाय वारला, ही बातमी कामुचांगा वस्तीत मंगळवारी सकाळी सातच्या सुमारास फुटली. खुद्द काबासोला ती सव्वासातला कळली, तीही खिडकीतून.

"गेला गं बाई, गेला! असा पाय पुन्हा होणे नाही!"

ती उशीत तोंड खुपसून पडली होती. आवाज ओळखीचा होता. शेजारचे ताता शावा. त्यांच्या मागे त्यांची बायको बाना जोसाया, म्हणजे जोसायाची आई, डोक्यावर दोन्ही हात ठेवून गळा काढत होती, आणि तिच्याही मागे ताता शावांचा खाणीतला एक जुना मित्र पत्र्याचा डबा बडवत चालला होता.

"पहिल्या वर्षी सोळा गोल मारलेस रे! दुसऱ्या वर्षी एकोणीस! आणि कुणाचा निरोपसुद्धा न घेता गेलास!"

"कशाने गेला हो?" रस्त्यावरून कुणीतरी विचारलं.

"कशाने म्हणजे? बेम्बा माणसाचा पाय. लहानपणापासून माकडाच्या मांसावर पोसलेला. टिकून टिकून किती दिवस टिकणार?"

रस्ता हसला. काबासोने उशी कानावर ओढली.

४'

नाव: काबासो मुबांगा.
वय: चोवीस.
जागा: पुढची फळी, मधोमध.
पाय: डावा. उजवा तोल सांभाळायला.
गाव: मुफुलिरा, तांब्याच्या खाणीचं.
क्लब: स्टोरनेस. नॉर्वेच्या उत्तर टोकाला, जिथे डिसेंबरात सूर्य उगवायचा कंटाळा करतो.
गोल: पहिल्या हंगामात सोळा. दुसऱ्यात सप्टेंबरअखेर एकोणीस. ऑक्टोबरपासून पुढे शून्य.
सध्या: आईच्या घरी, आतल्या खोलीत, अंथरुणात.

७'

शून्याचं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. घरी आली तेव्हा मायो, म्हणजे तिची आई, दारातच म्हणाली, "टीव्हीवाले म्हणत होते तुझं काहीतरी बिनसलंय." काबासो म्हणाली, "पाय दुखतोय गं." ते खोटं होतं. एकदा बोलून गेल्यावर निभावणं आलं. त्या दिवसापासून ती बाहेर पडली नव्हती. आंबे पिकून अंगणात टपाटप पडत होते, ती एकही उचलायला गेली नाही. मैदानावरच्या पोरी फाटकाशी येऊन हाका मारून परत गेल्या.

फोनमध्ये क्लबचं पत्र होतं. आणखी दोन वर्षं खेळणार का? उत्तर शुक्रवारी दुपारी बारापर्यंत, नॉर्वेच्या घड्याळाने. उत्तर आलं नाही तर दुसरी खेळाडू बघू. पत्र येऊन अकरा दिवस झाले होते. काबासो ते रोज उघडायची, वाचायची आणि बंद करायची.

सोमवारी संध्याकाळी मायोने कुंपणावरून ताता शावांना सहज सांगितलं, "पोरीच्या पायात जीवच नाही म्हणते."

ताता शावांनी तेवढंच धरलं. जीव नाही म्हणजे मेला. मेला म्हणजे मयत. आणि बेम्बांच्या घरी मयत असली की न्गोनी माणसाला काम असतं.

९'

बेम्बा आणि न्गोनी या दोन जमातींच्या खापरपणज्यांनी एकमेकांवर भाले उगारले होते. मग दोघेही दमले आणि त्यांनी भाल्यांऐवजी तोंडं चालवायचं ठरवलं. तेव्हापासून बेम्बा न्गोनींना उंदीरखाऊ म्हणतात, न्गोनी बेम्बांना माकडखाऊ, आणि राग मानायची कुणालाही परवानगी नाही. अशा नात्यातला माणूस म्हणजे चिंबुया. लग्नात तो नवऱ्याची खोड काढतो. मयतीत त्याचं खरं काम असतं. सगळे रडत असताना तो रडत नाही. तो मेलेल्याच्या खुर्चीत बसतो, मेलेल्याचे बूट घालतो, घरातलं काहीतरी उचलून नेतो आणि म्हणतो, सोडवून न्या. घरच्यांना उठून भांडावं लागतं. भांडताना हसू येतं. ते हसू आलं की त्याचं काम झालं.

१२'

"बाना काबासो, दार उघडा! प्रेताला ताटकळत ठेवू नये."

मायो हातातलं भांडं तसंच घेऊन दारात गेली. ताता शावांच्या हातात बुटांचं एक खोकं होतं, वर जास्वंदीचं एक फूल.

"सकाळी सकाळी काय हा तमाशा, ताता? घरातले उंदीर संपले वाटतं, म्हणून भूक लागली?"

"उंदीर भरपूर आहेत. पण दुःखात माणसाला कोंबडी लागते."

"कसलं दुःख?"

"तुमच्या पोरीच्या पायाचं! बघा, तुम्हाला रडूसुद्धा आलेलं नाही. हेच ते. माकडं खाणाऱ्यांना काळीज नसतं."

"काळीज आहे म्हणून तर तुमच्याशेजारी तीस वर्षं राहिले."

"खड्डा कुठे खणायचा? आंब्याखाली चालेल. पाय आहे, फार जागा लागणार नाही. बोटं थोडी वाकवू."

मायोने भांडं खाली ठेवलं आणि पोट धरून हसू लागली. हसता हसता तिने आतल्या खोलीकडे एकदा पाहिलं. ते पाहणं काबासोला दाराच्या फटीतून दिसलं. म्हणजे मायोला सगळं माहीत होतं. पाय दुखत नाही हेही माहीत होतं. तिनेच यांना बोलावलं होतं की काय?

काबासो उठली. अंगावर चितेंगेचं कापड गुंडाळलं आणि नऊ दिवसांनी पहिल्यांदा उंबऱ्यापर्यंत आली.

"आली, विधवा आली!" बाना जोसाया ओरडली. "बघा, बिचारा उजवा पाय एकटा पडला."

खोक्यात तिचाच लहानपणचा बूट होता. डावा. तळ निघालेला, दोऱ्याने बांधलेला. अकराव्या वर्षी याच बुटाने तिने ताता शावांच्या स्वयंपाकघराची काच फोडली होती. त्यांनी बूट जप्त केला तो तेव्हापासून त्यांच्याकडेच. तेरा वर्षं.

"हा अजून ठेवलात तुम्ही?"

"सोडवायला आलंच नाही कुणी," ताता शावा म्हणाले. "चला, आता मेलेल्याचं सामान ताब्यात घेतो." आणि ते चपला न काढता आतल्या खोलीत घुसले.

१८'

बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर टोपी होती.

करड्या लोकरीची, कानांवर येणारी, कडेला तांबडी पट्टी. डिसेंबरातल्या मुफुलिरात, जिथे कोंबड्यासुद्धा सावली सोडत नाहीत, तिथे ताता शावा लोकरीची टोपी घालून ऐटीत उभे राहिले. सगळ्यांना हसू फुटलं.

"ठेवा ती!"

काबासोचा आवाज इतका मोठा होता की डबा बडवणाऱ्याचा हात वरच्या वर थांबला.

"काढा डोक्यावरून! तुमची नाही ती!"

"मग कुणाची? तुझी?"

"माझीपण नाही."

ताता शावांनी टोपी काढली. आत नाक घालून हुंगली. "मासा," ते म्हणाले. "आणि तंबाखू. म्हाताऱ्या माणसाची आहे." मग त्यांनी ती काबासोच्या हातात दिली आणि पायरीवर बसले. आवाज बदलला. "बाना जोसाया, जरा चहाचं बघा. ही पोर आता बोलणार आहे."

२३'

आणि ती बोलली. आधी अडखळत, मग सरळ.

स्टोरनेसला सिल्ये नावाची गोलरक्षक होती. ताडमाड उंच, हात सुपासारखे. पहिल्याच आठवड्यात काबासोने डब्यातून आईने दिलेल्या वाळवलेल्या अळ्या काढल्या. सिल्येने विचारलं, "हे काय?" मग एक चाखून बघितली आणि मैदानभर काबासोच्या मागे ओरडत धावली, "अळीखाऊ!" दुसऱ्या दिवशी काबासोने सिल्येच्या गावात लाकडी चौकटींवर उलटे टांगलेले मासे पाहिले आणि नाक धरून म्हणाली, "आणि हा वाळका मासा मला नावं ठेवतो!"

मग ते रोजचं झालं. बसमध्ये, जेवताना, अंघोळीच्या रांगेत. आणि मैदानावर त्याचा उपयोग झाला. सिल्येच्या हातात चेंडू आला की ती लांब लाथ मारायच्या आधी ओरडायची, "अळीखाऊ!" त्या हाकेवर काबासो धावत सुटायची. मागे वळून बघायची गरज नसायची. चेंडू डोक्यावरून येऊन बरोबर डाव्या पायापुढे पडायचा. एकोणिसातले अकरा गोल तसे झाले होते. समोरच्या संघांना वाटायचं या दोघी भांडतायत.

"मी मनात ठरवून टाकलं," काबासो म्हणाली, "की ही माझी चिंबुया."

"तिला सांगितलंस?"

"ते काय सांगायचं असतं?"

ताता शावांनी कप पुढे ओढला. चहात साखर ढवळत राहिले. चार चमचे.

३१'

ऑक्टोबरात सिल्येचे आजोबा वारले. तिला त्यांनीच वाढवलं होतं. नावा बांधायचे. एका छोट्या बेटावर घर. सगळा संघ बोटीने तिथे गेला, चर्चमध्ये बसला, मग घरी कॉफीला. घरात एवढी माणसं, आणि कुणाचा आवाज नाही. कप बशीत ठेवतानाही सांभाळून ठेवत होते. सिल्ये भिंतीला टेकून उभी होती, पांढरीफटक. तिच्याशी सगळे हळू बोलत होते आणि बोलून लगेच दूर होत होते.

काबासोला दहा वर्षांपूर्वीचं घर आठवलं. ती चौदा वर्षांची. वडील खाणीत गेले होते आणि वर आले नव्हते. मायो तीन दिवस भिंतीकडे तोंड करून बसली होती. जेवत नव्हती, बोलत नव्हती. तेव्हा ताता शावा आले, वडिलांचं खाणीतलं शिरस्त्राण डोक्यावर घालून, वडिलांचे रबरी बूट पायात घालून. ते वडिलांच्या स्टुलावर बसले आणि दरडावले, "आता या घराचा मालक मी. माझी न्शिमा कुठे आहे? आणि भाजीत दाणे कमी घालू नका, तो भिकारडा तक्रार करायचा ते मला माहीत आहे!" मायोने मान वळवली. बघत राहिली. आणि हसली. रडता रडता हसली, आणि त्या रात्री दोन घास जेवली. ताता शावांनी शिरस्त्राण नेलं ते चौथ्या दिवशी एका कोंबडीवर सोडलं.

"तेवढंच माझ्या डोक्यात होतं," काबासो म्हणाली. "की सिल्येला कुणीतरी हसवायला पाहिजे. आणि ते काम माझं."

दाराजवळ खुंटीला आजोबांची टोपी होती. काबासोने ती घातली. खिडकीपाशी आजोबांची खुर्ची होती, रिकामी. सगळे तिला वळसा घालून जात होते. काबासो तिच्यात बसली, पाय पसरले आणि मोठ्याने म्हणाली, "ही खुर्ची आता माझी. टोपीपण माझी. वाळका मासा, उभी काय राहिलीस? कॉफी आण! आणि रडू नकोस, रडलीस की आणखीच कुरूप दिसतेस!"

कुणी हसलं नाही. प्रशिक्षकाने डोळे मिटले. सिल्येने तिच्याकडे पाहिलं, आणि दार उघडून पावसात निघून गेली.

काबासो कुणीतरी ओढल्यासारखी उठली, बाहेर पडली, धक्क्यावर गेली, बोटीत बसली. बोट सुटल्यावर तिच्या लक्षात आलं, टोपी डोक्यावरच आहे.

४५'

"पुढे?"

"पुढे काही नाही. ती भांडलीसुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी सरावाला आली, चेंडू हातात घेतला आणि हाक मारली, 'काबासो.' नुसतं नाव. इतकं सभ्य. माझे पाय हललेच नाहीत, ताता. तेव्हापासून ती मला नावानेच हाक मारते. पाच सामने. मला वाटलं, कुणीतरी टोपी सोडवायला येईल. कुणी आलंच नाही. परत नेऊन द्यायची लाज वाटली. आता दोन वर्षं त्या नावाच्या हाकेवर कसं खेळू? मी नाही म्हणून कळवणार आहे."

मायोने डोळे पुसले. बाना जोसाया छताकडे बघत होती.

ताता शावांनी कप उचलला. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मग ते इतके हसले की चहा सांडला.

"हसता काय?"

"अगं गाढवे! तू टोपी उचललीस, आणि सोडवायची कशी ते सांगितलंच नाहीस? अर्धंच काम केलंस! उचलून नेणं कुणालाही येतं. त्याला चोर म्हणतात."

"त्यांच्यात हे नसतंच, ताता!"

"नसतं ते दिसतंच आहे. मग शिकवायचं कुणी? मी जाऊ नॉर्वेला? माझे गुडघे बघ. आणि तू माझी शिकवण अशी वाया घालवलीस. तुझ्या बापाच्या वेळी मी शिरस्त्राण घातलं, पण चार दिवस रोज तुमच्या दारात येऊन भांडलो की नाही? तुझी आई शिव्या देत होती, मी घेत होतो. तू काय केलंस? एक वाक्य टाकलंस आणि बोटीत बसून पळालीस. हसवायला गेलेला माणूस पळून जात नाही. शिव्या खायला थांबतो."

काबासोने हातातली टोपी उलटसुलट केली.

"फोन आण," ताता शावा म्हणाले.

मध्यंतर

पहिला निरोप, न पाठवलेला:

"प्रिय सिल्ये, घडलेल्या प्रकाराबद्दल मी तुझी व तुझ्या कुटुंबीयांची मनापासून क्षमा मागते."

ताता शावा: "हे काय, खाण कंपनीला अर्ज करतेस? खोड."

दुसरा, न पाठवलेला:

"ए वाळका मासा, तुझी टोपी माझ्याकडे आहे, हा हा."

मायो: "हे वाचून ती आणखी दहा वर्षं बोलणार नाही. खोड."

तिसरा. हा लिहिताना काबासोने सगळ्यांना अंगणात हाकललं:

"सिल्ये. आमच्याकडे मयतीत जो थट्टा करतो तो सगळ्यात जवळचा असतो. माझे वडील गेले तेव्हा शेजारच्या एका म्हाताऱ्याने त्यांचं शिरस्त्राण घातलं आणि माझी आई हसली. मला तुझ्यासाठी तेच करायचं होतं. तुला हे कुणी सांगितलेलं नाही, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी पळाले ते चुकलं. तुझ्या शिव्या खायला मी थांबायला हवं होतं. त्या आता दे, मी घरीच आहे. टोपी माझ्याकडे आहे. रीतीप्रमाणे ती अटकेत आहे. सोडवायची असेल तर एक वाळका मासा. उशीर केलास तर सोबतच्या फोटोतला म्हातारा ती रोज घालणार. त्याचं डोकं बघ. टोपी सैल होईल."

फोटोत ताता शावा टोपी घालून आंबा खात होते. रस कोपरापर्यंत आला होता.

पाठवला. मंगळवार, सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटं.

तोपर्यंत मायोने कोंबडी पकडली होती. रीत म्हणजे रीत. आंब्याखाली खड्डा खणला, खोकं पुरलं, ताता शावांनी चार शब्द बोलायचे म्हणून चाळीस बोलले आणि सगळे जेवायला बसले.

६०'

संध्याकाळी निरोपाखालच्या दोन्ही खुणा निळ्या झाल्या. वाचला.

उत्तर नाही.

६७'

बुधवार. उत्तर नाही. टोपी व्हरांड्यात खिळ्याला, अटकेत. ताता शावा सकाळी कुंपणावरून विचारायचे, "कैदी ठीक आहे ना? जेवला का?"

पहिल्यांदा काबासो हसली. दुसऱ्यांदा म्हणाली, "पुरे हो."

७४'

गुरुवार. उत्तर नाही. मायोने न्शिमाचं पीठ घोटता घोटता विचारलं, "आणि नाहीच आलं तर?"

"तर नाही जाणार."

"गोल मारायला गेली होतीस ना? का एका पोरीची हाक ऐकायला?"

काबासोने व्हरांड्यातल्या खिळ्याकडे पाहिलं. "मला आधी वाटायचं, दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

मायोने पळी काठावर आपटली. "मग ताट वाढू का? का तेही नॉर्वेहून विचारून येणार?"

८३'

शुक्रवार. नॉर्वेचे दुपारचे बारा म्हणजे इथला एक. बाराला काबासोने क्लबला पत्र लिहायला घेतलं. "आपण दिलेल्या संधीबद्दल आभारी आहे. परंतु" इथे ती थांबली. अंगणात गेली. आंब्याखालचा मातीचा ढीग कोंबड्यांनी उकरला होता. तिने तो पायाने सारखा केला. परत आली. "परंतु काही घरगुती अडचणींमुळे" लिहिलं. तेही खोटंच होतं. खोडलं. "परंतु मी येऊ शकत नाही." हे खरं होतं, पण पाठवायला बोट पुढे होईना.

बारा वाजून पस्तीस.

ताता शावा कुंपणाला टेकून उभे होते. आज त्यांनी कैद्याची चौकशी केली नाही. नुसते उभे होते, टोपीकडे बघत.

"ताता, तुम्ही जा घरी. ऊन लागेल."

"मी तीस वर्षं खाणीची लिफ्ट चालवली," ते म्हणाले. "खालून घंटा वाजेपर्यंत मी लिफ्ट वर ओढली नाही. एकदा चार तास थांबलो होतो. उन्हाचं काय सांगतेस?"

८८'

फोन थरथरला.

आधी एक फोटो. भर दुपारी काळोख, मागे समुद्र, आणि फोटोच्या झगझगीत उजेडात एक रिकामी लाकडी चौकट, मासे टांगतात ती. तिच्यावर मधोमध, लेसांनी बांधून, उलटे टांगलेले दोन फुटबॉलचे बूट. काबासोचे. कपाटात ठेवून आलेले.

मग आवाज.

"वारा फार आहे, ऐकू येतंय का? दोन दिवस बोट बंद होती, समुद्र खवळलेला. मी आजीकडे जात होते. तुझा निरोप मला तिला स्वतः ऐकवायचा होता. फोनवर नको वाटलं." थोडा वेळ नुसता वारा. "मला खूप राग आला होता, काबासो. अजून थोडा आहे. तू मला 'कॉफी आण' म्हणालीस तेव्हा वाटलं, तुला एक ठेवून द्यावी. आणि तुला सांगू? त्या तीन दिवसांत मला काही वाटलं असेल तर ते तेवढंच. बाकी सगळं बधिर होतं."

काबासोने फोन दोन्ही हातांनी धरला.

"आजीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या मुलीला विचार, परत कधी येणार. तेव्हापासून त्या खुर्चीत कुणी बसलेलं नाही. मांजरसुद्धा नाही. आणि आजी म्हणते, टोपी त्या म्हाताऱ्याला शोभते, पण त्याला सांग, आंबा पुसून घे." मागून कुणीतरी म्हातारी बाई काहीतरी बोलली आणि खोकत हसली. "मासा तुला मिळणार नाही. बूट माझ्याकडे आहेत. टोपी आण, बूट ने. बाराच्या आत क्लबला कळव, मी प्रशिक्षकाला सांगून ठेवलंय की तू विसरभोळी आहेस. आणि..."

पुन्हा वारा. एक श्वास. खोल, गोलरक्षकाचा, लांब लाथ मारायच्या आधीचा.

"अळीखाऊ!"

९०'

नंतर मायोने शपथेवर सांगितलं की पोर बसलेली होती, आणि पुढच्या क्षणी नव्हती. फोन स्टुलावर, काबासो अंगणाच्या दुसऱ्या टोकाला. मागे वळून न बघता धावत सुटलेली. चेंडू नव्हता. आंब्याखाली एक हिरवा, कडक आंबा पडला होता. डाव्या पायाने तो बरोबर मधोमध घेतला. आंबा कुंपणावरून गेला, ताता शावांच्या कानाजवळून गेला आणि त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत.

काच.

आतून बाना जोसायाची किंकाळी, आणि मग तिचाच आवाज, "तोच पाय आहे! मी ओळखला! तोच!"

"पुरलेलं उठलं!" ताता शावा दोन्ही हात वर करून ओरडले. "बघा रे, माकडखाऊंना मरतासुद्धा नीट येत नाही!"

"मग आमची कोंबडी परत द्या," मायो म्हणाली.

"कोंबडी पोटात गेली. पोटातून काही उठत नसतं."

जादा वेळ

बारा एकावन्न. काबासोने क्लबचं पत्र उघडलं, लिहिलेलं सगळं पुसलं आणि एक शब्द पाठवला. येते.

मग व्हरांड्यात खिळ्यावरची टोपी काढायला गेली, तर ताता शावांनी ती आधीच काढून डोक्यावर चढवली होती आणि ते कुंपणापलीकडे उभे होते.

"द्या इकडे."

"मासा कुठे आहे?"

"मासा नाही देत म्हणाली ती. बुटांवर सौदा झालाय."

"तो तुझा आणि तिचा. माझी काच फुटलीय. कैदी आता माझ्या ताब्यात." त्यांनी टोपी कानांपर्यंत ओढली. कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. "जानेवारीत निघायच्या दिवशी ये. भांडायला तयार होऊन ये. मागच्या वेळेसारखी पळून जाऊ नकोस."

काबासोने कुंपणावर हात ठेवला. "उंदीरखाऊ," ती म्हणाली, "उद्या सकाळी सात वाजताच येते. भांडायला."

"सात नको," आतून बाना जोसाया ओरडली, "आधी काच गोळा करायला ये!"